गुरुवारी सांगतो

गिरणी बंद झाली तेव्हा राइलीकडे उरली
एकोणतीस वर्षांची ओल्या कागदाच्या वासाची सवय,
आणि पुढे, आई गेल्यावर,
एक साधा प्रश्न:
अर्जात वय लिहायचं की नाही?

लिहूच नकोस, म्हणाला पेंटी, बहिणीचा नवरा,
सौनातून लालबुंद होऊन बाहेर येत.
लिहीच, म्हणाली मार्यूत, कानामागचे केस कापताना,
लपवलं की संशय येतो.
भाचा नीलो, बावीस वर्षांचा,
आजवर एकच नोकरी, तीही आइस्क्रीमच्या टपरीवर, उन्हाळ्यापुरती,
म्हणाला, मावशी, अर्ज हल्ली माणूस वाचतच नाही,
यंत्र वाचतं. यंत्राला आवडणारे शब्द घाल.
कोणते?
ते त्यालाही यंत्रालाच विचारावं लागलं.

रोजगार कार्यालयानं एक माहितीपत्रक दिलं.
तिनं ते आधी बोटांत चोळून पाहिलं:
नव्वद ग्रॅम. आपल्याकडचा नव्हे.
मग उघडलं.
आत लिहिलं होतं, आत्मविश्वास बाळगा.

ऐकावं जनाचं, करावं मनाचं.
पण मनाला तरी कुठं ठाऊक होतं
त्या दोन वर्षांच्या रिकाम्या रकान्यात काय भरायचं,
जिथं तिनं आईला भरवलं, कुशीवर वळवलं,
आणि रात्री तीनला, दिवा न लावता,
सांगितलं पुन्हा पुन्हा, मी राइली, तुझी थोरली.
रोज रात्री एक मुलाखत.
रोज नापास.

ग्रंथालयात, नकाशांच्या कपाटाजवळ,
मंगळवारी आणि गुरुवारी आर्मास बसतो.
जन्मभर दुसऱ्यांचे पगार मोजलेला माणूस.
चष्म्याची एक काडी तांबड्या दोऱ्यानं बांधलेली.
तिनं विचारलं, किती पगार हवा म्हणाले तर किती सांगू?
त्यानं आकडा सांगितला,
तो कुठल्या तक्त्यातून घेतला ते बोट ठेवून दाखवलं,
वर म्हणाला, तक्ता गेल्या वर्षीचा आहे, जपून.

आणि वय? आणि ती दोन वर्षं?
आर्मासनं चष्मा काढला.
हे मला ठाऊक नाही, म्हणाला.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.
एवढ्या महिन्यांत एवढ्या तोंडांतून
हे वाक्य काही बाहेर पडलं नव्हतं.
गुरुवारी सांगतो, म्हणाला.

गुरुवारी शून्याखाली सव्वीस.
बस आली नाही. राइली चालत गेली.
तो आधीच येऊन बसला होता, बुटांखाली पाण्याचं थारोळं.
तिघांना फोन केले होते त्यानं:
दोघी माणसं नेमणाऱ्या,
एक कधीच न नेमला गेलेला.
तिघांनी तीन सांगितलं. त्यानं तिन्ही सांगितली.
मला दुसरीचं पटतं, म्हणाला,
पण मी चुकतो कधीकधी.
एकाला मागे चुकीचं सांगितलं.
तो अजून दुकानात मला पाहून
दुधाच्या कपाटाकडे वळतो.

मग तिनं लिहिलं. जन्मसाल, जसं आहे तसं.
रिकाम्या रकान्यात चार शब्द:
दोन वर्षं आईची शुश्रूषा.
यंत्राला आवडेल असं काही नाही.
इस्पितळाच्या धुलाईघरात जागा आहे, तिथं पाठवलं.

उत्तर अजून आलेलं नाही.
पेंटी विचारतो, वय काढलंस ना?
ती विषय बदलते, छतावरच्या बर्फावर नेते.

काल मंगळवार. ती वेलदोड्याचा पाव घेऊन गेली.
साखर आहे मला, आर्मास म्हणाला, अर्धाच.
मागे एक पोरगा उभा होता, हातात करारपत्र,
पहिल्याच दिवशी न वाचता सही करा म्हणतात,
करू का, विचारायला आलेला.
उरलेला अर्धा तिनं त्याला दिला.
खुर्चीही दिली.
पण गेली नाही. नकाशांच्या कपाटाला टेकून
कोट न चढवता उभी राहिली,
आर्मास काय म्हणतो ते ऐकायला.